दोन ऑफ-व्हाइटमधून एक : आपल्या खोलीसाठी शेड कशी पारखायची

गडद रंग निवडायला फारसा वेळ लागत नाही. निळा हवा की हिरवा, हे घरात आधीच ठरलेलं असतं. घोडं अडतं ते ऑफ-व्हाइटच्या पानावर. शेडकार्डावरच्या फिकट पट्ट्यांतून निवडता निवडता शेवटी दोन उरतात आणि त्या दोघींत नेमका फरक काय, हे कुणालाच धड सांगता येत नाही. दुकानदार म्हणतो, "दोन्ही भरपूर जातात." पेंटर म्हणतो, "ताई, सेमच आहेत, कुठलीही घ्या." मग कुणीतरी कंटाळून एकीवर बोट ठेवतं, 20 लिटरचा डबा घरी येतो, आणि भिंतींना दोन हात मारून झाल्यावर लक्षात येतं की हॉल पिवळा दिसतोय, किंवा गुलाबी, किंवा उगाचच मळकट.

कार्डावर हा फरक दिसत नाही, कारण तो मोठा होतो भिंतीवर गेल्यानंतर. खिडकीतून येणारा उजेड, खालची फरशी, समोरची भिंत, रात्रीचा ट्यूबलाइट हे सगळे मिळून तो मोठा करतात. त्यामुळे दोन शेड्स एकमेकींशेजारी धरून बघण्याला मर्यादित अर्थ आहे. दोघींना आळीपाळीने आपल्या खोलीशेजारी धरून बघायचं असतं. हे कसं करायचं, ते पायरीपायरीने सांगते. घाई नसेल तर आठवडाभर हाताशी ठेवा. दिवाळीच्या तोंडावर पेंटर दारात उभा असताना हे काम होत नाही.

पहिली पायरी : खोलीतलं न बदलणारं लिहून काढा

शेडकार्ड बाजूला ठेवा आणि एक कागद घ्या. ज्या खोलीला रंग द्यायचा आहे तिथे उभं राहून, पुढची आठ-दहा वर्षं जे बदलणार नाही त्याची यादी करा. फरशी सगळ्यात वर. मग दारं-चौकटी, खिडक्यांच्या फ्रेम, ओटा दिसत असेल तर त्याचा दगड, भिंतीत बसवलेली कपाटं, खिडकीबाहेरचं झाड किंवा समोरची इमारत. सोफ्याचं कापड, पडदे, गालिचा यांना यादीत घेऊ नका, ते बदलता येतात. ट्यूबलाइट आणि बल्बही घेऊ नका. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते.

आता प्रत्येक वस्तूपुढे तिची झाक लिहा. शहाबादी फरशी निळसर करडी. कोटा हिरवट करडा. जुनी मोझॅक बघायची तर दोन पावलं मागे सरकून, कारण जवळून ती ठिपक्याठिपक्यांची दिसते आणि लांबून सगळे ठिपके मिळून एकच रंग होतो. व्हिट्रिफाइड टाइल्सचं मात्र नीट बघा. दुकानात 'आयव्हरी' किंवा 'क्रीम' म्हणून घेतलेल्या कितीतरी टाइल्सना गुलाबी झाक असते आणि ती आपल्या कधी लक्षातच आलेली नसते. टाइलवर साधा पांढरा कागद ठेवला की ती लगेच उघडी पडते. सागवानी पॉलिश नारिंगीकडे झुकतं, गडद वॉलनट लॅमिनेट लालसर किंवा करडं असू शकतं. घरातल्या दारांना पांढरा ऑइलपेंट असेल तर तो आज किती पांढरा आहे तेही बघा. ऑइलपेंट काळानुसार पिवळा पडतो, आणि जिथे उजेड कमी तिथे जास्त पडतो. कपाटाच्या आतली बाजू आणि बाहेरची बाजू एकदा ताडून बघा, पटेल.

ही यादी म्हणजेच निवडीचा निम्मा निकाल. कारण आपल्या डोळ्याला रंग सुटा दिसतच नाही. पॅरिसमधल्या गोबलँ या गालिचे आणि भिंतीवरची चित्रवस्त्रं विणणाऱ्या सरकारी कारखान्यात मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने धागा तपासला तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा तसा दिसत होता. या निरीक्षणातून त्याने 1839 मध्ये शेजारी असलेले रंग एकमेकांना कसे बदलतात यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. आपल्या घरात हेच घडतं. हिरवट कोटा फरशीवर गुलाबी झाकेचा ऑफ-व्हाइट आणला की फरशी आणखी हिरवी आणि भिंत आणखी गुलाबी दिसते. दोघींनी एकमेकींना चढवलेलं असतं.

दुसरी पायरी : दोन्ही शेड्सची झाक ओळखा

ऑफ-व्हाइट म्हणजे पांढऱ्यात काहीतरी थोडंसं मिसळलेलं. पांढरेपणा मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइडचा. दुकानातलं टिंटिंग मशीन त्या पांढऱ्या बेसमध्ये पिवळा, लाल, काळा अशा रंगद्रव्यांचे थोडे थेंब सोडतं. पिवळ्यासोबत किंचित लाल गेला की पीचकडे, पिवळ्यासोबत काळा गेला की हिरवटाकडे, नुसता काळा जास्त झाला की करड्याकडे. काळा आणि पिवळा मिळून हिरवट होतो, हे अनेकांना नवल वाटतं, पण खाकी दिसणाऱ्या भिंतींचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

झाक ओळखायला तीन साधे मार्ग आहेत. पहिला, शेडकार्डावर त्याच रांगेतली सगळ्यात गडद पट्टी बघा. बऱ्याच कार्डांवर एका रांगेत एकाच कुळातल्या छटा फिकटाकडून गडदाकडे मांडलेल्या असतात. फिकट पट्टीत जे लपलेलं असतं ते गडद पट्टी बोलून दाखवते. दुसरा, दोन्ही पट्ट्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. तिसरा मार्ग मला सगळ्यात भरवशाचा वाटतो : आपल्या दोन पट्ट्यांसोबत तिसरी, अगदीच वेगळ्या कुळातली ऑफ-व्हाइट पट्टी ठेवा. दोन पिवळसर पट्ट्या शेजारी ठेवल्या तर त्या सारख्याच दिसतात, पण मध्ये एक करडी आणली की त्यातली कोणती नारिंगीकडे आणि कोणती हिरव्याकडे झुकते ते चटकन कळतं.

पांढऱ्या कागदाबद्दल एक सावधगिरी. झेरॉक्सच्या कागदात चकाकी आणणारी द्रव्यं घातलेली असतात. ती दिवसाच्या उजेडातली अतिनील किरणं शोषून निळसर प्रकाश परत सोडतात, म्हणून कागद पांढऱ्याहून पांढरा दिसतो. त्याच्या शेजारी जगातली कुठलीही ऑफ-व्हाइट पिवळी आणि जुनाट वाटते. नीळ घातलेल्या चादरीशेजारीही तसंच होतं. कागद झाक ओळखण्यापुरता वापरा, "ही फारच पिवळी आहे" असा निकाल त्याच्या साक्षीने देऊ नका.

दोन्ही शेड्सची नावं विसरून जा, हेही सांगून ठेवते. मोती, साय, चांदणं, लिली अशी नावं मन वळवतात. कागदावर फक्त कोड लिहा आणि पुढे झाक : 'अ – पिवळी', 'ब – करडी'.

तिसरी पायरी : किती उजळ, ते आकड्यात बघा

रंग किती प्रकाश परतवतो याचा एक आकडा असतो, त्याला एलआरव्ही म्हणतात. शून्य म्हणजे पूर्ण काळा, 100 म्हणजे पूर्ण पांढरा. ऑफ-व्हाइट साधारण 70 ते 85 च्या घरात असतात. काही कंपन्या हा आकडा कार्डाच्या मागे किंवा संकेतस्थळावर देतात.

आपल्या दोन शेड्सचे आकडे मिळाले तर त्यांच्यातलं अंतर बघा. दोन-तीनचं असेल तर उजळपणाचा विचार सोडून द्या, तो फरक वेगवेगळ्या दिवशी बघणाऱ्याला कळणार नाही. मग सगळी निवड झाकेवर. अंतर सहा-आठचं असेल आणि खोलीला एकच छोटी खिडकी असेल, तर उजळ शेडला झुकतं माप द्या. कमी उजेडात करड्या शेड्स आधी मलूल होतात.

चौथी पायरी : भिंतीवर ठिपके न मारता बोर्ड रंगवा

आपल्याकडे पद्धत अशी की पेंटर जुन्या भिंतीवर ब्रशने दोन फराटे ओढतो आणि "बघा" म्हणतो. ते फराटे जुन्या रंगाच्या मधोमध असतात. जुना रंग हिरवा असेल तर दोन्ही फराटे गुलाबी दिसतात, पीच असेल तर दोन्ही निळसर. वर ते ओले असतात. इमल्शन ओलं असताना आणि वाळल्यावर वेगळं दिसतं, बहुतेक वेळा वाळल्यावर थोडं गडद होतं. आणि एका हाताखालून जुना रंग डोकावत असतो तो वेगळाच.

त्यापेक्षा दोन्ही शेड्सचा थोडा थोडा रंग आणा. काही कंपन्यांचे 200 मिलीचे सॅम्पल डबे मिळतात, ते पुरतात. तसे मिळत नसतील तर एक-एक लिटर करून घ्या. तेवढा रंग स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आत किंवा पोटमाळ्यावर कामी येतो. मात्र जो प्रकार शेवटी वापरणार त्यातच घ्या. एकच कोड स्वस्त इमल्शनमध्ये आणि महागड्यात किंचित वेगळा उतरतो, कारण बेस वेगळा असतो. मॅट आणि शीन (हलकी चकाकी) असलेल्या फिनिशमध्येही फरक पडतो. शीनवर खिडकीचं प्रतिबिंब पडतं, तिथे भिंत फिकी आणि बाकी ठिकाणी जरा खोल दिसते.

बोर्डासाठी सनबोर्ड किंवा पातळ प्लाय चालेल. साधा कार्डशीट नको, तो ओला झाला की वाकतो. प्रत्येक शेडचे दोन बोर्ड करायचे, 2 बाय 2 फुटांचे. दोन कशाला, ते लगेच सांगते. आधी प्रायमरचा एक हात, मग छोट्या रोलरने रंगाचे दोन हात, दोन हातांमध्ये चार तास. रोलरनेच मारा, कारण भिंतीवरही रोलरच फिरणार आहे आणि ब्रशच्या रेघांची सावली रंग बदलून दाखवते. काठापर्यंत रंगवा, भोवती पांढरी पट्टी सोडू नका. पावसाळ्यात वाळायला जास्त वेळ द्या. एरवीही पूर्ण एक दिवस जाऊ द्या, तोवर मत बनवू नका. मागे कोड लिहून ठेवा, पुढून काहीही नको.

आता दोन बोर्ड का. एकाच शेडचे दोन बोर्ड घ्या आणि उघड्या पुस्तकासारखे काटकोनात उभे करा, रंगवलेली बाजू आत. त्या कोपऱ्यात खोलवर बघा. तिथला रंग सपाट बोर्डावरच्या रंगापेक्षा जास्त गडद, जास्त रंगीत दिसेल. तुमच्या खोलीत चारही भिंतींना हा रंग लागल्यावर तो साधारण या कोपऱ्यासारखा दिसणार आहे.

हे असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. समजा, आपल्या पिवळसर ऑफ-व्हाइटवर पडलेल्या प्रकाशातला पिवळा-लाल भाग 80 टक्के परत येतो आणि निळा भाग 70 टक्के. एकदाच आपटून आलेल्या प्रकाशात 80 ला 70, म्हणजे फरक मामुली. पण खोलीत प्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर जातो. तीनदा आपटला की पिवळ्या-लालातलं 51 टक्के उरतं आणि निळ्यातलं फक्त 34. कार्डावर जेमतेम जाणवणारी झाक बंद खोलीत ठसठशीत होते ती यामुळे. खोली जितकी लहान आणि भिंती जितक्या जवळ, तितकं हे जास्त. पॅसेज आणि छोट्या बेडरूममध्ये क्रीम रंग नेहमी अपेक्षेपेक्षा पिवळा निघतो, त्याचं उत्तर इथे आहे. माझ्या मते तुलनेची ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि तीच सगळे गाळतात.

पाचवी पायरी : बोर्ड फिरवा, वेळ बदला

बोर्ड भिंतीला टेकवून उभे करा, पलंगावर किंवा टेबलावर आडवे ठेवू नका. आडव्या पृष्ठभागावर उजेड वेगळा पडतो. जुन्या भिंतीचा रंग नडत असेल तर मागे फिकट करड्या रंगाचा मोठा कार्डशीट चिकटवा. पहिल्या फेरीत दोन्ही शेड्स शेजारी शेजारी ठेवा आणि फरक लक्षात घ्या. त्यानंतर मात्र एका वेळी एकच ठेवा. भिंतीवर शेवटी एकच असणार आहे, आणि शेजारची उचलली की पहिलीचा स्वभाव बदलतो.

खोलीत निदान तीन जागा बघायच्या : खिडकीसमोरची भिंत, खिडकी ज्या भिंतीत आहे ती भिंत, आणि सगळ्यात अंधारा कोपरा. खिडकीच्या भिंतीकडे लोक लक्ष देत नाहीत. तिच्यावर थेट उजेड पडत नाही, डोळे खिडकीच्या झगमगाटाने दिपलेले असतात, आणि तिथे करडी शेड अक्षरशः मळलेली वाटू शकते. बोर्ड एकदा फरशीला टेकवून, स्कर्टिंगच्या लगतही बघा. फरशीवरून उसळलेला उजेड तिथे सगळ्यात जास्त असतो.

वेळा : सकाळी उजाडल्यावर, भर दुपारी, सूर्य मावळताना, आणि रात्री दिवे लावून. प्रत्येक वेळी बाहेरून आत येऊन पहिल्या काही क्षणांत काय वाटलं ते लिहा. टक लावून बसलात तर डोळे जुळवून घेतात आणि कुठलीही फिकट झाक पाच मिनिटांत पांढरी वाटू लागते.

दिशांचं गणित आपल्याकडे थोडं वेगळं आहे. उत्तरेच्या खिडकीतून थंड, निळसर उजेड येतो आणि तो दिवसभर सारखा राहतो, असं थंड देशांतली मार्गदर्शक पुस्तकं सांगतात. महाराष्ट्रात हिवाळ्यात ते खरं आहे. पण मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचे दिवस येतात आणि त्यांच्या मधल्या काळात सूर्य दुपारीही थोडा उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळ तर उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन थेट आत येतं, अर्थात ढगांनी येऊ दिलं तर. त्यामुळे मे महिन्यात बोर्ड बघून उत्तरेच्या खोलीचा निर्णय घेत असाल, तर डिसेंबरात ती याहून निळसर असेल हे धरून चाला आणि किंचित उबदार शेडकडे झुका. पश्चिमेच्या खोलीत उलट. दुपारी तीननंतर तिथे प्रत्येक पिवळी झाक दुप्पट होते. पूर्वेच्या खोलीत सकाळ पिवळी आणि दुपारनंतर उजेड थंड, त्यामुळे ती खोली कोण कधी वापरतं यावर ठरवा.

बाहेरचा परिसरही आत येतो. खिडकीला लागून अशोकाची रांग असेल तर आतल्या भिंतीला हिरवा उजेड मिळतो. समोरची इमारत विटकरी असेल तर दुपारी तिचा रंग तुमच्या छतावर उतरतो. कोकणात जांभ्याच्या अंगणावरून येणारा उजेड लालसर असतो, तिथे गुलाबी झाकेची शेड सहसा जास्तच गुलाबी होते.

फोनवर फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर मत मागवणं टाळा. कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढरा समतोल आपल्या मनाने बदलतो. सकाळचा आणि संध्याकाळचा फोटो शेजारी ठेवून केलेल्या तुलनेला काही अर्थ नसतो. फार तर दोन्ही बोर्ड एकाच फोटोत घ्या, तेही स्वतःच्या नोंदीपुरते.

सहावी पायरी : दिवे

रात्रीसाठी आपल्याकडे बहुतेक घरांत कूल डेलाइट ट्यूब असते, म्हणजे 6500 केल्विनची. तिचा उजेड निळसर. वॉर्म व्हाइट 2700 ते 3000 केल्विन, पिवळसर. मधली 4000 ची, तिला नॅचरल किंवा न्यूट्रल व्हाइट म्हणतात. आकडा खोक्यावर छापलेला असतो. 6500 च्या उजेडात करडी शेड निळसर आणि कोरडी दिसते, पिवळी शेड किंचित हिरवट होऊ शकते. 3000 च्या उजेडात पिवळी शेड आणखी पिवळी होते आणि करडी शेड छान मऊ दिसते. पीओपीच्या कोव्हमध्ये, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेत, वॉर्म पट्टी आणि खाली कूल ट्यूब असं मिश्रण असेल, तर एकाच भिंतीचा वरचा फूटभर भाग आणि खालचा भाग दोन वेगळ्या शेड्सचा वाटतो. त्याचा दोष रंगाला देऊ नका.

आणखी एक गोष्ट अशी की दोन शेड्स दिवसा हुबेहूब सारख्या आणि ट्यूबखाली वेगळ्या दिसू शकतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या शेड्सची तुलना करत असाल तर हे हमखास तपासा. "त्या कंपनीची शेड आमच्यात करून देतो" असं दुकानदार म्हणतो तेव्हाही. बल्ब घेताना खोक्यावरचा सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) 80 च्या वर आहे ना ते बघा, 90 मिळाला तर फारच उत्तम. कमी सीआरआयखाली कुठलीच शेड धड दिसत नाही.

आता निर्णय : एक उदाहरण

माझ्या मावशीच्या कोथरूडमधल्या हॉलचं सांगते, कारण तिथे दोन्ही शेड्सनी अगदी तुल्यबळ लढत दिली. जुनी सोसायटी, खाली करड्या-पिवळ्या ठिपक्यांची मोझॅक, सागवानी चौकटी, पश्चिमेला मोठी खिडकी आणि खिडकीत गुलमोहर. शेड्स दोन : एक पिवळ्या झाकेची, दुसरी करड्या झाकेची, एलआरव्हीत नावापुरता फरक.

सकाळी अकराला दोन्ही बोर्ड मोझॅकवर टेकवले तर पेंटरकाकांचं म्हणणं पटावं इतके सारखे. संध्याकाळी साडेपाचला खिडकीतून ऊन सरळ समोरच्या भिंतीवर आलं आणि पिवळा बोर्ड पेटल्यासारखा झाला. काटकोनातला कोपरा तर चक्क हळदीकडे गेला, आणि शेजारची सागवानी चौकट त्यात विरघळून गेली, तिची कड दिसेना. करडा बोर्ड त्याच उन्हात नुसता उबदार झाला, चौकट उठून दिसली. मग सात वाजता ट्यूब लावली आणि पारडं फिरलं. करडा बोर्ड निळसर, निर्जीव. पिवळा शांत, घरच्यासारखा. मावशी म्हणाली, "बघ, मी म्हणत होते ना, ही करडी उदास आहे."

इथे पहिल्या पायरीची यादी कामी आली. पश्चिमेचं ऊन न बदलणाऱ्या यादीत होतं, सागवान होतं, मोझॅक होती. ट्यूब त्या यादीत नव्हती. दोन-अडीचशे रुपयांची 4000 केल्विनची ट्यूब आणून लावली आणि करडा बोर्ड पुन्हा भिंतीला लावला. निळसरपणा गेला. हॉल करडाच झाला.

सगळीकडे मी हाच नियम लावते. एक शेड न बदलणाऱ्या गोष्टीशी भांडत असेल आणि दुसरी बदलता येणाऱ्या गोष्टीशी, तर दुसरी घ्यायची आणि ती गोष्ट बदलायची. दोन्ही न बदलणाऱ्याशी भांडत असतील तर दोन्ही बाद करा आणि कार्डाकडे परत जा. तिसरी शेड शोधायला लाज वाटू देऊ नका. आणि दोन्ही सगळीकडे जमत असतील, तर खोली दिवसातल्या ज्या वेळी सगळ्यात जास्त वापरता त्या वेळची नोंद निर्णायक माना. नोकरी करणाऱ्यांची बेडरूम सकाळी आणि रात्रीच बघितली जाते, तिथे भर दुपारचा निकाल कशाला?

फरशीबद्दल थोडं नेमकं. गुलाबी झाकेच्या टाइल्सवर हिरवट-पिवळी शेड आणू नका, दोन्ही मळक्या दिसतात. त्यांच्यावर पीच किंवा उबदार करडी शेड बरी. शहाबादीवर थोडी पिवळी झाक सुंदर दिसते, दगडाचा निळसरपणा खुलतो. शुभ्र टाइल्सवर गडद क्रीम जुनाट वाटतं, तिथे झाक जितकी कमी तितकं बरं.

छत विसरू नका. "वर व्हाइटच मारतो" असं पेंटर गृहीत धरतात. शुभ्र छत आणि पिवळसर भिंत एकत्र आल्या की भिंत आणखी पिवळी दिसते. करड्या शेडला शुभ्र छत चालतं. पिवळ्या शेडसाठी तीच शेड अर्ध्या प्रमाणात टिंट करून छताला घ्या, दुकानदार ते करून देतो. देवघर असलेल्या कोपऱ्यात आणि ओट्याला लागून असलेल्या हॉलमध्ये समई, उदबत्ती, फोडणीचा धूर यांनी भिंत काही वर्षांत आपोआप पिवळटते. तिथे आज किंचित थंड वाटणारी शेड पुढे बरोबर बसते. शिवाय तिथे पुसता येईल असं फिनिश घ्या.

डबे आणताना

कागदावर कंपनी, रंगाचा प्रकार, फिनिश, शेडचा कोड आणि बेस हे सगळं लिहून दुकानात जा. नुसतं नाव सांगू नका. लागणारा सगळा रंग एकदम, एकाच दुकानातून, एकाच मशीनवर करून घ्या. ऑफ-व्हाइटमध्ये रंगद्रव्य इतकं थोडं असतं की एका लिटरच्या डब्यात अर्धा थेंब इकडेतिकडे झाला तरी झाक हलते. 20 लिटरमध्ये तीच चूक विरून जाते. म्हणून दहा लिटर लागणार असतील तर दहाचा एक डबा घ्या, लिटर-लिटरचे दहा नकोत. सॅम्पलचा छोटा डबा आणि मोठा डबा यांच्यात किंचित फरक येऊ शकतो तो यामुळेच. मोठा डबा आल्यावर बोर्डाच्या कोपऱ्यावर त्यातला रंग लावा, वाळू द्या आणि ताडून बघा, मगच भिंतीला हात लावू द्या.

एकाहून जास्त डबे असतील तर पेंटरला सगळा रंग मोठ्या बादलीत एकत्र ढवळायला सांगा. ते शक्य नसेल तर निदान एक डबा भिंतीच्या मधोमध संपू देऊ नका. कोपऱ्यापर्यंत एक, कोपऱ्यापासून दुसरा. नव्या डब्यात जुन्याचा तळ मिसळला की जोड दिसत नाही. पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. त्याहून जास्त घातलं की खालची पुट्टी डोकावते आणि झाक फिकी पडते. डागडुजी केलेल्या जागी पुट्टी भरली असेल तर तिथे आधी प्रायमर हवाच, नाहीतर तो ठिपका कायम वेगळा दिसत राहतो.

शेवटी अर्धा लिटर रंग हवाबंद डब्यात, झाकणावर कोड आणि तारीख लिहून ठेवून द्या. फर्निचर सरकवताना भिंत खरवडली किंवा खिळा काढल्यावर खड्डा पडला की हाच रंग लागतो. डबा उलटसुलट हलवून, नीट ढवळून, छोट्या रोलरने लावा. दोन-तीन वर्षांनी लावणार असाल तर ठिपक्यावर न थांबता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची अख्खी भिंत घ्या. तोवर बाकीची भिंत उन्हाने आणि धुराने थोडी बदललेली असते.